मृण्मयीतला ण

नावांच्या याद्यांमध्ये मृण्मयीचा अर्थ 'हरणासारखे डोळे असलेली' असा बिनदिक्कत छापलेला सापडतो. तो मृगनयनीचा. मृण्मयी म्हणजे मातीची, मातीने घडलेली. मृणालशीही तिचं नातं नाही. मृणाल म्हणजे कमळाचा देठ.

मूळ शब्द मृद्, म्हणजे माती. त्याला तन्मय-चिन्मयमधला 'मय' लागला की पुढच्या म-मुळे द् चा न् होतो: मृन्मय, स्त्रीलिंगी मृन्मयी. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (७.८९) वसिष्ठ वरुणाला विनवतो, मातीच्या घरात जायची वेळ माझ्यावर येऊ देऊ नकोस. ते घर 'मृन्मय', न असलेलं.

मग ण कुठून आला? ऋ नंतर न चा ण होतो, पितॄणाम् मध्ये होतो तसा, हे सगळ्यांच्या कानात बसलेलं. पण पाणिनीने आपल्या व्याकरणाच्या, अष्टाध्यायीच्या, शेवटच्या भागात ण करणारा नियम (८.४.१) आधी आणि द् चा न् करणारा (८.४.४५) नंतर सांगितलाय. त्या भागात नंतरच्या नियमाने केलेला बदल आधीच्या नियमाला दिसतच नाही. त्याच्या लेखी तिथे अजून द् च आहे. म्हणजे काटेकोर संस्कृतात मृन्मयी. बंगालीतही न च लिहितात. मराठीत मात्र ण रुळलाय, आणि तो बदलायच्या फंदात पडू नये असं माझं मत.

खरी डोकेदुखी इंग्रजी स्पेलिंगची. आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, बंगाली-हिंदीत 'रि'. म्हणून मृणाल ठाकूर 'एम-आर-यू' आणि मृणाल सेन 'एम-आर-आय'. मृण्मयीत भर म्हणजे शेवटी एक 'आय' की दोन 'ई'. जन्मनोंदीत वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क पडतं. तेव्हाच एक स्पेलिंग पक्कं करा आणि आधारपासून शाळेपर्यंत तेच अक्षर न् अक्षर उतरवा.

देवनागरीत टाइप करताना फोनेटिक कीबोर्डवर 'एम-आर-यू' दाबलं की बऱ्याचदा 'म्रु' उमटतं. वाचताना फरक कळत नाही, पण संगणकाला ते वेगळंच नाव वाटतं आणि शोधल्यावर नोंद सापडत नाही. मृ मध्ये म च्या पायाशी ऋकार आहे ना, ते मोठं करून बघा.

आणि शेवटची यी दीर्घच. संस्कृतात ऱ्हस्व 'यि' हे संबोधन आहे. दाखल्यावर तसं लिहिलं तर नाव राहत नाही, हाक होते.