कारवारहून उलटं निघालं की गोव्यात वारा नाकावर

मुंबई-गोवा सायकलवर करणारी मंडळी बहुतेक वरून खाली येतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारचा वारा त्यांच्या पाठीशी असतो, हे फुकटचं सुख. आम्हाला जायचं होतं घरी रत्नागिरीला, म्हणून कोकण रेल्वेने सायकली कारवारला नेल्या आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पोळेच्या नाक्यावरून उत्तरेकडे निघालो.

काणकोण ते बेतूल सकाळीच उरकलं. खोला, काब द रामकडचे चढ दमवतात, पण चढ निदान पलीकडे उतार तरी देतो. असोळण्याचा पूल ओलांडून केळशीच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं, रस्ता एकदम सपाट, दोन्ही बाजूला माड, म्हटलं आता वेळसांवपर्यंत गप्पा मारत जाऊ.

कसल्या गप्पा! खारे वारे, मतलई वारे शाळेत सगळ्यांनीच घोकलेत, जमीन तापली की समुद्रावरची हवा आत येते वगैरे, तर गोव्यात या दिवसांत ते खारे वारे वायव्येकडून येतात आणि आपला रस्तापण तिकडेच तोंड करून. माडांच्या आडोशाला होतो तोवर ठीक, बाणावलीपुढे उघडी शेतं लागली आणि सपाटीवर चढाचा गिअर टाकायची वेळ आली. त्यात पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या सामानाच्या बॅगा, दोन्ही बाजूंना लावलेली शिडंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आपण ताशी पंधराने चाललोय आणि समोरून वीसचा वारा आला तर हवेला धडकतोय पस्तीसने, रोध पाचपटीच्या वर. म्हणून स्पीड बघायचाच नाही, कोपरं वाकवायची, मान खाली घालायची आणि पुढच्याच्या चाकाला चिकटून त्याच्या आडोशाला राहायचं. मित्राच्या मडगार्डवरचा अर्धा निघालेला स्टिकर, एवढंच त्या दुपारचं माझं गोवादर्शन. पाळीपाळीने पुढे जायचं ठरलेलं, पण तो स्वतःची पाळी लवकर संपवायचा असा माझा अजून संशय आहे.

माजोर्ड्याच्या आसपास मागून पोंय पोंय. पदेर, गोव्याचा पाववाला! जुनी काळी सायकल, मागे पावांची मोठी टोपली, तिच्यावर बांधलेलं निळं प्लास्टिक वाऱ्याने फडाफडा वाजतंय, पायात स्लिपर, पाठ ताठ, आणि आम्हाला ओव्हरटेक. "वारें आसा न्हय आयज!" म्हणाला हसत. हाक मारून थांबवला, गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले आणि तिथेच रस्त्याकडेला नुसतेच खाल्ले.

मुक्काम कुठ्ठाळीला. दुसऱ्या दिवशी पाचलाच झुआरी ओलांडली, पहाटे वारा पडलेला असतो, असलाच तर जमिनीकडून मंद. पणजी, म्हापसा, पेडणे, पत्रादेवी करत उन्हं तापायच्या आत बांद्यात. मित्र म्हणत होता अजून पुढे मारू, मी सरळ जेवून आडवा झालो. पुढे रत्नागिरीपर्यंत हेच टाइमटेबल, अकरापर्यंत सायकल, मग जेवण आणि झोप, आणि पाय शिल्लक असतील तर संध्याकाळी वारा उतरल्यावर थोडंसं.