पाच मिनिटांची घंटा

आमच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या वार्षिक मेळाव्याबद्दल लिही, असं अध्यक्ष गेली तीन वर्षं मागे लागलेत आणि मी टाळतोय. लिहायला बसलं की कुणीतरी राहतं. मागे एकदा स्मरणिकेतल्या आभाराच्या पानावर सतरंज्या घालणाऱ्यांचा उल्लेख राहून गेला, तर पुढच्या वर्षी सतरंज्याच आल्या नाहीत. म्हणून या वेळी नाव कुणाचंच घेणार नाही. कामं सांगेन, ज्याचं त्याने ओळखून घ्यावं.

प्रास्ताविक, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांचा परिचय हे सगळं दरवर्षी होतं. कार्यवाह म्हणून अहवाल मीच वाचतो. एकदा चुकून आदल्या वर्षीचाच वाचला. टाळ्या तेवढ्याच पडल्या. तेव्हा त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

लिहायचं ते 'तराजू'बद्दल. कार्यक्रमपत्रिकेवर त्याला 'वक्तृत्व' असं छापतात, पण आमच्यात सगळे तराजूच म्हणतात. ज्याला बोलायचंय त्याने उभं राहायचं, एखाद्या नामवंताचा एकच प्रसंग सांगायचा, आणि शेवटी सभागृहाने कौल द्यायचा: खानदानी की चिल्लर. 'खानदानी' या शब्दाला एका बाईंनी हरकत घेतली होती. यात घराण्याचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. मग एक वर्ष 'शालीन' लावून पाहिलं, पण 'शालीन!' असं ओरडता येत नाही. हल्लीची मुलं 'क्लासी' म्हणतात. म्हणोत. आमच्या तोंडी खानदानीच बसलंय.

नियम दोन. पहिला, वेळ पाच मिनिटं. पाच झाली की शिपाईकाका घंटा देणार. ती शाळेचीच जुनी पितळी घंटा आहे आणि काका निवृत्त झाले तरी या एका दिवसासाठी येतात. दुसरा नियम, प्रसंग सगळ्यांदेखत घडलेला हवा, म्हणजे मैदानावर, मंचावर किंवा कॅमेऱ्यासमोर. 'माझ्या मेव्हण्याला तो विमानतळावर भेटला होता, काय माजुरडा आहे म्हणून सांगू' हे चालणार नाही. हा नियम मेव्हण्यांमुळेच करावा लागला. सुरुवातीला एकाच नटाबद्दल दोन मेव्हण्यांच्या दोन उलट साक्षी निघाल्या आणि प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं.

आता माझ्या आवडीनिवडी. काही भाषणं मी कर्तव्य म्हणून ऐकतो. ऑस्करच्या मंचावर विल स्मिथने ख्रिस रॉकला थोबाडीत दिली त्या २०२२ साली तराजूवर चार जण तोच प्रसंग घेऊन आले. एकाने बायकोच्या अपमानाचा मुद्दा काढला, एकाने पुढच्या दहा वर्षांच्या बंदीचा, आणि त्याच रात्री त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस मिळालं तेव्हा लोक उभे राहिले याचा राग उरलेल्या दोघांनी काढला. कौल चारही वेळा चिल्लर. माणूस चिडला आणि चुकला, यात पारडं धरून बसण्यासारखं काही मला दिसलं नाही.

मला हलवतं ते वेगळं भाषण. ज्याला बोलता येत नाही असा माणूस उठतो, कागद थरथरतो, आणि तो सांगतो की अमुक एकाच्या हातात सगळं आलं होतं आणि त्याने ते सोडलं. असल्या भाषणाला मी दरवर्षी रडतो. खजिनदारबाई आता न मागता रुमाल पुढे करतात.

यात पहिला मान आमच्या स्कोअररकाकांचा. आयुष्यभर शाळेच्या सामन्यांचे आकडे लिहिलेला माणूस. ते दरवर्षी एकच प्रसंग सांगायचे: ऑक्टोबर १९८७, लाहोर, विश्वचषकात वेस्ट इंडिज विरुद्ध पाकिस्तान. वेस्ट इंडिजच्या २१६ धावा. शेवटच्या षटकात पाकिस्तानला १४ हव्यात, शेवटची जोडी खेळतेय, गोलंदाज कोर्टनी वॉल्श. अब्दुल कादिर एक षटकार ठोकतो. मग एक चेंडू, दोन धावा. इथे काका थांबायचे, चष्मा काढायचे आणि मंचावर तीन पावलं धावायचे. "वॉल्श धावत आला. पलीकडचा सलीम जाफर धाव घेण्याच्या घाईत रेष सोडून पुढे गेलेला. नुसत्या बेल्स उडवायच्या होत्या, की सामना खिशात. नियमात बसत होतं. आणि वॉल्श थांबला." काकाही थांबायचे, हात स्टंपांच्या उंचीवर तसाच अधांतरी. "त्याने त्याला फक्त परत जायला लावलं." पुढच्या चेंडूवर कादिरने दोन धावा काढल्या, पाकिस्तान एका गड्याने जिंकला आणि वेस्ट इंडिज त्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचलाच नाही.

हे सगळं पाच मिनिटांत कधीच बसलं नाही. सात लागायची, एखाद्या वर्षी आठ. शिपाईकाका घंटेवर हात ठेवून बसलेले असत, पण टोल देत नसत. मी वेळाधिकारी म्हणून डोळे वटारायचो, तर ते खिडकीबाहेर बघायचे.

दुसरा माझा आवडता गुंडाप्पा विश्वनाथ. हा प्रसंग भूगोलाच्या सरांनी आणला. १९८० चा फेब्रुवारी, वानखेडेवरचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना. इंग्लंडचे ५८ वर पाच बाद. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं, तो अडखळत उभा राहिला, आणि कर्णधार विश्वनाथने चेंडू बॅटला लागला नाही म्हणून त्याला परत बोलावलं. मग टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली आणि आपण दहा गडी राखून हरलो. सर हे सांगून खाली बसले तेवढ्यात मागून आवाज आला, "असला खानदानीपणा काय कामाचा?" आवाज कुणाचा ते मला ठाऊक आहे, ही व्यक्ती वर्गणी सलग दोन वर्षं थकवून आहे. पण प्रश्न गैर नव्हता. सर पुन्हा उठले आणि म्हणाले, "कामाचा नाहीच. म्हणून तर सांगितला." त्या वर्षी कौल घ्यायचाच राहिला.

सगळ्यात अवघड संध्याकाळ सुनील गावसकरची. माझ्या पिढीच्या सभागृहात गावसकरला पारड्यात टाकायला धाडस लागतं, आणि ते एका कॉलेजातल्या मुलीने केलं. १९८१, मेलबर्न. ७० वर असताना लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं, बॅटला लागलं होतं असं गावसकरचं म्हणणं, लिलीची शेरेबाजी, आणि संतापलेला कर्णधार सलामीच्या जोडीदाराला, चेतन चौहानला, सोबत घेऊन मैदान सोडायला निघाला. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुराणी आडवे आले, चौहान परत फिरला. मुलगी इथपर्यंत आली तेव्हा पुढच्या दोन रांगा उठायच्या बेतात होत्या. एक सद्गृहस्थ उठलेही, ते आजतागायत आलेले नाहीत. मग ती म्हणाली, "तो सामना आपण जिंकलो. कपिलने पाच गडी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद झाली. मैदान सोडलं असतं तर हे झालंच नसतं. आणि हे मी म्हणत नाही, आपण तेव्हा चुकलो हे नंतर गावसकरच म्हणाला आहे." कौल मागितला तर काही लोक खानदानी म्हणाले, काही गप्प राहिले. मी रुमाल शोधत होतो.

अशी दोन पारड्यांची माणसं मला सगळ्यात जास्त पुरतात. फुटबॉलवाल्या मुलांनी पाओलो दि कानिओ आणला होता. १९९८ मध्ये पंचाला ढकलून पाडलं म्हणून ११ सामन्यांची बंदी भोगलेला हा इसम, आणि २००० च्या डिसेंबरात समोरचा गोलरक्षक दुखापतीने पडलाय म्हणून गोल मारायचा सोडून चेंडू हातात झेलून खेळ थांबवणाराही हाच. एका मुलाने पहिला अर्धा सांगितला, दुसऱ्याने दुसरा. मध्ये घंटा वाजली, त्यामुळे काहींना वाटलं ही दोन वेगळी माणसं आहेत.

पाहुण्यांचंही सांगायला हवं. एका वर्षी पडद्यावरचा एक ओळखीचा चेहरा आणला. नाव सांगत नाही. सभागृह ओसंडलं, खिडक्यांत माणसं बसली. साहेब दोन तास उशिरा आले, मंचावर बसून फोनवर बोलले, बक्षीस देताना मुलांच्या तोंडाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि गेले. त्यांच्यामागे सभागृहही गेलं. त्या दिवशीचा तराजू मी, शिपाईकाका आणि आणखी एकोणतीस जणांनी ऐकला. मी मोजले होते. जे गेले त्यांतले बरेच जण पुढे भेटले की 'हल्ली मंडळात पूर्वीसारखी मजा नाही' म्हणतात.

आणि एक वर्ष एक गायिका आल्या. परिचय करून देणाऱ्या आमच्या सदस्याने, तेही उत्साहात, भलत्याच कुणाचा तरी मोठा पुरस्कार त्यांच्या नावावर जमा केला. टाळ्यांचा कडकडाट. बाई उठल्या, माईक स्वतःच्या उंचीला आणला आणि म्हणाल्या, "तो पुरस्कार माझ्या गुरुभगिनीचा. टाळ्या मी तिच्याकडे पोचवते, माझ्यासाठी गाणं झाल्यावर वाजवा, वाटलं तर." परिचय देणारा सदस्य मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. बाईंनी जाताना त्याच्याकडूनच तो कागद मागून घेतला, आठवण म्हणून. या बाईंना तराजूवर आणा, असा आग्रह दरवर्षी होतो. नियमात बसतं, पण आपल्या पाहुण्यांना तोलायचं नाही असं आम्ही ठरवलंय, कारण मग त्या फोनवाल्यांनाही तोलावं लागेल.

माझ्या हातून झालेली चूक याहून मोठी. बक्षीस समारंभात पहिल्या क्रमांकाचं नाव मी वाचलं, नववीतली मुलगी वर आली, ढाल घेतली, फोटो झाला. खाली उतरता उतरता तिने प्रमाणपत्र पाहिलं, त्यावर दुसरंच नाव. माझ्याकडे न येता ती थेट माईककडे गेली, खरं नाव वाचलं, आणि तिला वर बोलावून ढाल तिच्या हातात दिली. मी कागद चाळत उभा.

पुढच्या वर्षी तीच मुलगी तराजूला उभी राहिली. प्रसंग होता २०१७ च्या ऑस्करचा. चुकीचं पाकीट उघडलं गेलं, 'ला ला लँड'चं नाव पुकारलं, निर्माते मंचावर येऊन आभार मानू लागले. मग त्यांतलाच एक, जॉर्डन होरोविट्झ, माईकवर आला आणि म्हणाला की चूक झाली आहे, जिंकलाय 'मूनलाइट'. लोकांना ती थट्टा वाटली. तेव्हा त्याने खरं कार्ड हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरलं आणि 'मूनलाइट'वाल्यांना वर बोलावलं. मुलगी म्हणाली, "हरल्याचं दुःख नंतर घरी जाऊन करता येतं. कार्ड तेव्हाच दाखवावं लागतं." सगळं सभागृह माझ्याकडे बघून हसत होतं. मी हसलो नाही. मला त्या पाकीट देणाऱ्या माणसाबद्दल फार कणव वाटत होती.

आता मदतनीस. हे पान वाढण्याला राहुल द्रविड जबाबदार आहे. २०१८ मध्ये १९ वर्षांखालचा भारतीय संघ विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाने, आमच्या नव्हे, प्रशिक्षक द्रविडला ५० लाख आणि बाकीच्या सहायकांना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. द्रविड म्हणाला, सगळ्यांना सारखं द्या. अखेर प्रत्येकाला २५ मिळाले, म्हणजे त्याचे निम्म्यावर आले. हे भाषण आमच्याकडे ध्वनिक्षेपक लावणाऱ्या मुलाने केलं, कार्यक्रम संपत आल्यावर, वायरी गुंडाळता गुंडाळता. त्यातला टोमणा कार्यकारिणीला कळला.

म्हणून: ध्वनिक्षेपकवाला मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ, जो नुसता 'चेक, चेक' म्हणायला येतो. सतरंज्यावाले, दोघेही. फळ्यावर रंगीत खडूने कार्यक्रम लिहिणाऱ्या चित्रकलेच्या बाई. खुर्च्या मोजून आणणारे आणि मोजून परत नेणारे. या दोन वेगळ्या तुकड्या आहेत आणि त्यांनी एकमेकांचं श्रेय घेऊ नये. पत्रिकेत 'वक्तृत्व'चं 'वक्रत्व' झालं तेव्हा रात्रीतून पुन्हा छापून देणारे मुद्रक. फाटक उशिरापर्यंत उघडं ठेवणारा पहारेकरी. ढालींना पॉलिश करणाऱ्या खजिनदारबाई, रुमालासकट. वीज गेली तेव्हा मोबाईलचे दिवे धरून उभे राहिलेले आठवीचे विद्यार्थी, अ आणि ब दोन्ही तुकड्या. आणि ते एकोणतीस जण.

गेल्या मेळाव्याला स्कोअररकाका नव्हते. पायऱ्या चढवत नाहीत म्हणाले, निरोप पाठवला. लाहोरचा प्रसंग मग भूगोलाच्या सरांनी सांगितला, नीट, मुद्देसूद, सगळे आकडे बरोबर. धावले नाहीत. चार मिनिटांत संपला, खानदानीचा गजर झाला, सर जागेवर जाऊन बसले, मी पुढच्या वक्त्याचं नाव घ्यायला उठलो.

शिपाईकाकांनी मला हाताने थांबवलं. घंटेवर हात ठेवून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. उरलेलं मिनिट पूर्ण होऊ दिलं आणि मग टोल दिला.