काळ्या कातळाची गोधडी: पानांचे ठसे, हिराकस आणि धावदोरा

हिरवं पान कापडावर दाबून वाफवलं, तरी ते हिरवं उमटत नाही. पानाचा हिरवा रंग वाफेत आणि उन्हात टिकत नाही. मागे राहतो तो पानातल्या तुरट द्रव्याचा ठसा: पिवळा, तपकिरी, राखी, काळा. निसर्गाची गोधडी म्हणून पोपटी-हिरवी ठिगळं जोडण्यापेक्षा हे रंग मला जास्त खरे वाटतात. त्यातही पावसाळ्यातला ओला कातळ, त्यावर चिकटलेली पानं आणि दगडफूल हा विषय यांना चपखल बसतो. खालची मापं ६० बाय ९० सेंमीच्या, भिंतीवर लावायच्या गोधडीसाठी आहेत.

कापड जुनं, सुतीच हवं. विटलेली साडी, धोतर किंवा चादर चालते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडावर ठसा फिका पडतो आणि शिवताना ते सरकतं. कोऱ्या कापडातली खळ काढणं कटकटीचं, शिवाय तीन-चार थरांतून सुई ओढताना बोटं दुखतात. कापड कोरडं असतानाच वजन करा, कारण पुढचं सगळं माप त्या वजनावर चालतं.

५०० ग्रॅम कापड असेल तर १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा आणि स्वच्छ धुवा. मग १०० ग्रॅम हिरडा पूड साधारण १० लिटर गरम पाण्यात कालवून गाळा. त्यात कापड रात्रभर ठेवा, सकाळी पिळून न धुता सावलीत वाळवा. ते पिवळट दिसेल. न गाळलेल्या पुडीचे कण चिकटले तर नंतर तिथेच काळे ठिपके पडतात.

पुढची पायरी तुरटीची. ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा, १० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू त्यात ओता. फेस उसळतो, म्हणून भांडं उंच घ्या. कापड बुडेल इतकं पाणी वाढवून चार-पाच तास भिजवा, मग हलकं खळबळा. सुती धागा एकटी तुरटी नीट धरत नाही, म्हणून हिरडा आधी. क्रम उलटा करू नका. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत सगळंच कापड काळवंडतं. आणि ते भांडं परत स्वयंपाकाला नाही.

आता हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. हिरड्याचं कापड आणि हिराकस यांची गाठ पडली की काळा रंग होतो. त्यामुळे लोखंडाचं पाणी कुठे लावायचं हे आधी ठरवावं लागतं. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस घालून पानं त्यात बुडवली, निथळून रद्दी कागदात टिपली आणि कापडावर मांडली, तर फिक्या पिवळ्या जमिनीवर, म्हणजे कापडाच्या मोकळ्या भागावर, गडद पान येतं. उलट, पानं कोरडी मांडून वर त्याच पाण्यातून काढून घट्ट पिळलेलं दुसरं जुनं फडकं पसरलं, तर जमीन राखी-काळी होते आणि पानाखालचा भाग फिका राहतो. कातळासाठी मला ही दुसरी रीत हवी असते. हिराकस वजनकाट्यावरच मोजा. जास्त लोखंड आज छान काळं दिसतं, पण काही वर्षांनी कापड त्याच जागी कुजून फाटतं.

पानं एरंड, पेरू, निलगिरी, गुलाब, डाळिंब यांची घ्या. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात लाल होतात, त्याचा ठसाही लालसर जांभळट येतो. जाड, मेणचट पान आधी तासभर कोमट पाण्यात ठेवा. शिरांची बाजू कापडाकडे. कण्हेर आणि रुई नको, दोन्ही विषारी आहेत आणि वाफ घरातच पसरते. कासच्या पठारावर फुलं तोडायला बंदी आहे, तेव्हा तिथून फोटो आणा आणि पानं परसातली घ्या.

मांडलेलं कापड बांबूच्या किंवा पाइपच्या तुकड्यावर गुंडाळा आणि सुती पट्टीने करकचून बांधा. गुंडाळी सैल राहिली की ठसा धुरकट झालाच म्हणून समजा. दीड तास वाफ द्या. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर त्यावरचं पाणी ठिबकून डाग पडतात. सोडायची घाई नको, रात्रभर तशीच राहू दे. उलगडल्यावर सावलीत वाळवून दोन-तीन दिवसांनी सौम्य साबणाने धुवा.

दगडफुलासाठी एक सोपी युक्ती आहे. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल आठवा: राखाडी, कडा कुरतडलेल्या चकत्या. काळ्या जमिनीवर कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस टेकवला की काळा रंग उडून फिकट डाग उरतो. हवा तितका उडाला की लगेच भरपूर पाण्यात धुवा, कापडात आंबट राहिलं तर धागा कमजोर होतो. डागाच्या कडेने एकेरी धाग्याचा काजटाका, मध्ये पाच-सात गाठीचे टाके. टाके मोजूनमापून घातले की दगडफुलाचं बटण होतं.

शिवण. वरचा ठशाचा थर, मध्ये दोन जुने थर, खाली अस्तर. कडा चारही बाजूंनी ४ सेंमी जादा ठेवा, धावदोऱ्याने गोधडी आकसते. फरशीवर ताणून पसरा आणि मधून बाहेर जात तळहाताएवढ्या अंतरावर कच्चे टाके घाला. आपल्याकडे गोधडी पुष्कळदा कडेपासून आत शिवत जातात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांची गोधडी, कवंदी, हीही तशीच, शिवाय तिच्या कोपऱ्यांवर कापडाची फुलं असतात. तसं शिवताना कच्चे टाके विरळ असतील तर सगळी ढिलाई मध्यभागी जमून चुणी पडते. ती दाबून शिवू नका, टाके उसवा.

दोरा हातभर, साधारण ४५ सेंमी. लांब दोऱ्याला गाठी पडतात. टाका ५-६ मिलिमीटर, ओळींत एक सेंमी अंतर. पानाच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर बाहेर पहिली ओळ घ्या, मग तिच्याच वळणाने पुढच्या, पाण्याच्या वलयांसारख्या. पानाच्या आत टाका घालायचा नाही. आजूबाजूची जमीन दबते आणि पान आपोआप फुगून वर येतं. पानाच्या शिरा दोऱ्याने गिरवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि वाफेने उमटवलेल्या ठशाची त्यात माती होते.

वर काय लावायचं ते थोडकंच. पिंपळाच्या पानाची जाळी हवी असेल तर पान दोन-चार आठवडे पाण्यात कुजवा, मऊ ब्रशने गर काढा आणि तलम जाळीच्या कापडाखाली ठेवून कडेने शिवा, नुसती चिकटवली तर मोडते. काथ्या आडव्या टाक्यांनी बांधून घ्या. बियांना भुंगे लागतात, म्हणून पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. गुंजा सुंदर दिसतात पण जहाल विषारी आहेत, भोक पाडायला जाऊ नका. यातलं काहीही लावलं की ही गोधडी धुण्याची राहत नाही.

टांगायला मागे ८ सेंमी रुंद कापडी बाही शिवून त्यात काठी घाला. समोर थेट ऊन येणारी भिंत टाळा. ठेवून द्यायची झाली तर घडी न घालता ठशाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.