हातचा धरायचा राहिला

दरवर्षी गणपतीत, हातात मोदकाची डिश असताना, कुणीतरी विचारतंच. "तुमचा मोठा बेसबॉलमध्ये बॉल टाकायचा ना हो? काय टाकायचा! त्याला का सोडायला लावलंत?" आमच्या शिकागोच्या मंडळात हा प्रश्न आता आरतीइतका पाठ झालाय. काहींचा सूर वेगळा असतो. "बरं झालं सुटला. आपल्या मुलांना त्यात काय मिळणार होतं?" ह्यांचा मला जास्त राग येतो, आणि नेमके हेच लोक दुसरा मोदक घ्यायला माझ्याच शेजारी उभे असतात.

माझं उत्तर इतकी वर्षं ठरलेलं आहे. मी मार्क प्रायरची गोष्ट सांगतो.

जे २००३ साली इथे होते त्यांना सांगायला नको, पण नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. शिकागो कब्ज ह्या इथल्या बेसबॉल टीमनं २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्याच क्रमांकावर उचललेला हा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. पुढच्याच वर्षी मोठ्या लीगमध्ये आला. २००३ मध्ये १८ सामने जिंकला, ६ हरला, २४५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. पोटऱ्या अशा की टीव्हीवाले त्यांचंही कौतुक करायचे. आणि अॅक्शन! प्रशिक्षणाच्या पुस्तकातून कापून काढल्यासारखी. हा कधी मोडणार नाही, असं जाणकार छातीठोकपणे सांगत होते. २००४ च्या हंगामाचे पहिले दोन महिने टाचेच्या शिरेपायी गेले. २००५ च्या मे महिन्यात कोलोरॅडोच्या ब्रॅड हॉपनं मारलेला बॉल सणकन येऊन थेट त्याच्या उजव्या कोपरावर बसला, हाड मोडलं. ऑगस्ट २००६ मध्ये तो मोठ्या लीगमधला शेवटचा सामना खेळला, तेव्हा २६ वर्षांचाही नव्हता. मग खांद्याची शस्त्रक्रिया, खालच्या लीगमधले प्रयत्न, ही टीम, ती टीम. २०१३ च्या डिसेंबरात त्यानं थांबत असल्याचं जाहीर केलं. एकूण विजय ४२.

एवढं सांगून मी म्हणतो, "असा माणूस मोडतो, तर आमच्या पोराचं काय घेऊन बसलात?" लोक मान हलवतात. गोष्ट खरी आहे, त्यात एक अक्षर खोटं नाही. फक्त तुमच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

प्रायरच्याच गोष्टीतला एक भाग मी मंडळात कधी सांगत नाही. २००३ च्या सप्टेंबरात त्यानं एकेका सामन्यात १३१, १२९, १२४, पुन्हा १३१ आणि १३३ बॉल टाकले. कब्जना कितीतरी वर्षांनी जिंकायची हवा लागली होती आणि मॅनेजर डस्टी बेकर त्याला काढायला तयार नव्हते. प्लेऑफमधल्या एका सामन्यात पाच इनिंगनंतर ११-० अशी आघाडी होती, तरी हा पुढे टाकतोच आहे. मी तेव्हा काय करत होतो? मित्राच्या सोफ्यावर उभा राहून "काढू नका रे त्याला!" म्हणून ओरडत होतो. बायकोला नववा महिना चालू होता. १४ ऑक्टोबरला, त्या कुप्रसिद्ध सहाव्या सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये ३-० अशी आघाडी आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम फेरी, फक्त पाच विकेट दूर (इथे त्याला आउट म्हणतात, पण माझ्या तोंडून विकेटच येतं). तेव्हा मी पोटातल्या बाळाला कॉमेंट्री ऐकवत होतो. पुढे काय झालं ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झेलाच्या बॉलला एका प्रेक्षकानं हात घातला, शॉर्टस्टॉपच्या हातून बॉल सुटला, आठ धावा गेल्या. त्या प्रेक्षकाचं नाव मी घेत नाही, त्यानं पुरेसं भोगलं. माझा लेक त्यानंतर दोन आठवड्यांनी जन्मला.

प्रायरचा खांदा त्या सप्टेंबरनं गेला, की त्याच वर्षीच्या जुलैत धावताना तो समोरच्या टीमच्या मार्कस जाइल्सवर आदळला त्यानं, की मुळात माणसाचा खांदा असल्या कामासाठी बनलेलाच नाही, हे कुणीच वेगळं करून दाखवू शकलेलं नाही. मला ही संदिग्धता फार सोयीची पडली.

आता पोराचं.

२०१६ मध्ये कब्ज १०८ वर्षांनी जिंकले, तेव्हा तो १३ चा होता. त्या हिवाळ्यात गॅरेजच्या भिंतीवर पांढरी चौकट आखून तो टेनिसचा बॉल मारत बसायचा. मी साताऱ्याचा, कॉलेजात मध्यमगती टाकायचो. आमच्याकडे कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की फेकी म्हणून बोंब होते, इथे फेकण्याचेच पैसे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हात सैल आहे की नाही एवढं कळायचं. त्याचा होता. सहा महिन्यांत तो दोन टीममध्ये खेळायला लागला. एक गावातली लीग, दुसरी स्पर्धांसाठी बाहेरगावी फिरणारी.

दोन टीमची मेख अशी की त्यांच्या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. मुलांनी किती बॉल टाकावेत याचा मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलनं २०१४ मध्ये काढलेला तक्ता आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी दिवसाला जास्तीत जास्त ९५. आणि ५१ ते ६५ टाकले तर तीन दिवस विश्रांती. पण शनिवारी इकडे किती झाले हे रविवारी तिकडे सांगणारा माणूस एकच, तो म्हणजे बाप. मी मोजायचोही इमानेइतबारे. आई सहा महिने राहायला आली होती तेव्हा तिचं जपाचं काउंटर इथे विसरून गेली होती, स्टीलचं, अंगठ्यानं दाबायचं. गोंदवलेकर महाराजांचा तेरा अक्षरी मंत्र मोजायचं ते यंत्र कुंपणामागच्या घडीच्या खुर्चीत बसून मी फास्टबॉल मोजायला वापरायचो. टिक. टिक.

जुलै २०१७. शनिवारी गावच्या लीगमध्ये ५८ झाले. रविवारी दुसऱ्या टीमचा अंतिम सामना. सकाळी प्रशिक्षक आले, पोट सुटलेले, मुलांवर जीव टाकणारे. त्यांनी सरळ विचारलं, "काल किती टाकले त्यानं?"

मी म्हटलं, "वीस."

तक्ता मला पाठ होता. वीसपर्यंत विश्रांती लागत नाही. मी इंजिनियर माणूस, आकडा उगाच नव्हता निवडला. लेक दोन हातांवर बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता.

का म्हणालो? ह्याला मी गेल्या आठ वर्षांत पुष्कळ कारणं जमवली आहेत. सगळेच आईबाप असं करत होते. त्यालाच टाकायचं होतं. अंतिम सामना होता. ह्यातलं एकही खोटं नाही. पण त्या कुंपणामागच्या गोऱ्या बापांना माझं नाव तीन वर्षांत नीट घेता आलं नव्हतं, आणि शनिवारी त्यातल्या तिघांनी येऊन विचारलं होतं, "तो उजवा पिचर तुझा का?" हे कारण मी पहिल्यांदाच लिहितोय.

तिसऱ्या इनिंगमध्ये तो प्रत्येक बॉलनंतर बोटं उघडून मिटायला लागला. घाम असेल, म्हटलं. चौथ्यात बॉल कॅचरच्या डोक्यावरून जायला लागले. ही म्हणाली, "अहो, त्याला दुखतंय." मी म्हटलं, "दमलाय." कोपर खांद्याच्या खाली आलं होतं. ते मला दिसलं होतं. सातारच्या मैदानात ते मी इतर पोरांना ओरडून सांगितलं असतं. काउंटरवर ६३ होते. मी उठलो, खरंच उठलो होतो, आणि पुन्हा बसलो.

चौसष्टाव्याला आवाज आला. वाळलेली तुरकाटी मोडावी तसा. बॉल अर्ध्या वाटेत गवतात पडला. तो ओरडला नाही. उजवा हात पोटाशी धरून तो बॉलमागे धावला आणि डाव्या हातातल्या ग्लोव्हनं त्यानं तो उचलला, कारण तिसऱ्या बेसवर माणूस होता. बॉल अंपायरच्या दिशेनं पुढे धरला आणि मग खाली बसला.

कोपराच्या आतल्या अंगाला हाडाचा जो कोपरा वाढत असतो, तो ह्या वयात स्नायू आणि अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. मोठ्या माणसाचा अस्थिबंध तुटतो, पोरांच्या हाडाचाच टवका ओढून निघतो. त्याचा निघाला. स्क्रू घालावा लागला. (कुणीतरी हमखास म्हणतं, "टॉमी जॉन का नाही केलं?" अहो, ते अस्थिबंधाचं ऑपरेशन.) इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती बॉल टाकले? मी म्हटलं, ६४. बरोबरच होतं. आदल्या दिवशीचे तिनं विचारले नाहीत. ५८ आणि ६४ म्हणजे १२२, प्रायरच्या १३३ पेक्षा कमीच, असा हिशोब मी त्या रात्री खुर्चीत बसून केला. प्रायर २३ वर्षांचा होता.

आईला "पडला" म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी ती येऊन काउंटर घेऊन गेली. फोनवर बोलताना अजून मागे टिकटिक ऐकू येते.

पण तुमचा प्रश्न हात मोडल्याचा नाही, सोडायला लावण्याचा आहे. तर ऐका. हात जुळला. कोपर शेवटचे थोडे अंश सरळ होत नाही, एवढंच. मंडळाचे क्रिकेटवाले म्हणतात, सरळच होत नाही म्हणजे फेकी धरता येणार नाही, आमच्याकडे पाठवा! २०१९ मध्ये डॉक्टरांनी लेखी दिलं, खेळायला हरकत नाही. हायस्कूलच्या टीमच्या निवडीचा फॉर्म त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवला, पालकांच्या सहीसाठी. मी तो गाडीच्या विम्याच्या कागदांखाली सरकवला. तारीख गेली. "अरे, विसरलोच," मी म्हटलं. "ठीक आहे, बाबा," तो म्हणाला. त्यानंतर तुम्हाला मी "त्यानंच सोडलं" असं सांगत आलो.

ही म्हणते, दोन्ही वेळा त्याला विचारायला हवं होतं. मी म्हणतो, पहिल्या वेळी विचारलं असतं तर तो टाकतोच म्हणाला असता. ही म्हणते, दुसऱ्या वेळीही तेच म्हणाला असता. इथे आमचं बोलणं थांबतं. तो फॉर्म परत समोर आला तर मी सही करीन का? सोमवारी करीन वाटतं, मंगळवारी नाही.

मार्क प्रायरचं पुढे काय झालं, हेही मंडळात सांगायचं राहतं. तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि २०२० पासून त्यांचा पिचिंग प्रशिक्षक आहे. ज्याचा खांदा राहिला नाही तो आता दुसऱ्यांचे खांदे बघतो. गेल्या १ नोव्हेंबरला, २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना टोरांटोत चालू होता. लेक सुट्टीला घरी आला होता. डॉजर्सचा पिचर योशिनोबु यामामोतो, त्यानं आदल्याच रात्री ९६ बॉल टाकले होते आणि नवव्या इनिंगमध्ये त्यालाच पुन्हा आणलं. माझा अंगठा सोफ्याच्या कडेवर आपोआप चालायला लागला. "काय करतायत हे? प्रायरला तरी कळायला नको?" मी ओरडलो. लेक म्हणाला, "टाकू दे ना त्याला." अकराव्या इनिंगमध्ये डबल प्लेवर (एकाच बॉलवर दोघे बाद) सामना संपला, ५-४. यामामोतोचे ३४ झाले होते.

"३४ आणि ९६, १३०," मी म्हटलं. "एकदम वेडेपणा."

तो ताट घेऊन उठला, सिंककडे निघाला. "हो, पण कालचे ९६ सगळ्यांना माहीत होते," तो म्हणाला. नळ सोडला. मग आतूनच विचारलं, उरलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवू का.