पुलीच्या तळाची चकाकी

चतुर्थीला आठ दिवस होते. पहाटे सव्वासहाला बसच्या ड्रायव्हरचा फोन. "पात्रांव, परत गेला."

काय गेलं ते विचारायची गरज नव्हती. दीड महिन्यातला तिसरा फॅनबेल्ट. बेळगावला खरेदीला निघालेली माणसं घेऊन गाडी चोर्ला घाटात उभी होती.

साखळीहून केरीमार्गे मोटरसायकलवर पोचलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. या जुन्या बसमध्ये एकच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो आणि वीज तयार करणारा अल्टरनेटरही. तो तुटला की चार्जिंग जातं आणि पाणीही उकळतं. ड्रायव्हर जाणता, काटा चढताना दिसताच त्याने इंजिन बंद केलं. नाहीतर इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उघडायचं काम निघालं असतं.

आधी दोनदा मी पट्ट्यालाच शिव्या घातल्या होत्या. पहिला डुप्लिकेट म्हणून, दुसरा सैल म्हणून. दुसऱ्यानंतर तर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून नवा असा ताणला की पंधरा दिवसांत अल्टरनेटरचं बेरिंग रडायला लागलं. त्या पहाटे टॉर्च मारून पट्टा ज्यावर फिरतो त्या पुलीत बघितलं. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता.

तळाला पट्टा टेकायलाच नको. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो, पकड सगळी तिथे. घसरून घसरून कडा झिजल्या की तो खाली बसतो, आणि मग कितीही ताणा, घसरतच राहतो. आजूबाजूला काळी भुकटी साचली होती, तीही मी दोनदा फडक्याने पुसून टाकली होती.

आणि हे घडवलं कोणी? मीच. मालकाला रंगीत दिवे, मोठा ॲम्प्लिफायर हवा होता, म्हणून मी 35 अँपिअरचा अल्टरनेटर काढून 90 चा बसवला. पुली मात्र जुनीच त्यावर चढवली. 28 व्होल्टला 90 अँपिअर म्हणजे अडीच किलोवॅट. अल्टरनेटर घेतलेल्या ताकदीतला चाळीसेक टक्के भाग उष्णतेतच घालवतो, तेव्हा इंजिनाकडून सव्वाचार, म्हणजे साडेपाच घोडे. वायपर, हेडलाइट, पंखे सगळं चालू, पट्टा ओला, आणि एवढं ओझं 13 मिलिमीटरच्या एका पट्ट्यावर.

घाटात नवा पट्टा घातला, ॲम्प्लिफायर आणि शोभेच्या दिव्यांचे फ्यूज काढून खिशात टाकले आणि गाडी पुढे पाठवली.

दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्यांची व्यवस्था करायला घेतली. नव्या गाड्यांतला आठ धारांचा चपटा पट्टा सरस, पण त्यासाठी सगळ्याच पुल्या नव्या कराव्या लागतात, वर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. इतका खर्च या गाडीला कोण घालणार? 2012 मध्ये खाणी थांबल्यापासून आमच्याकडे भंगारात टिपरचं, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकचं, सामान मुबलक. त्याच इंजिनाच्या टिपरची दोन खाचांची क्रँकपुली, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरची पुली, आणि पंपाची पुली मिळाली, खाचेत खाणीची लाल माती तशीच. अल्टरनेटरची पुली लेथवर करून घेतली.

मग दोरी ताणून तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का पाहिलं. अल्टरनेटर दोन मिलिमीटर आत होता, वॉशर घालून बाहेर काढला. पट्टे एकाच लॉटचे घेतले. एक जुना, एक नवा घातला तर सगळा भार तोकड्या पट्ट्यावर येतो आणि दुसरा नुसता फिरतो. अर्धा तास इंजिन चालवलं, बंद केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. सैल झाले होते, नवे पट्टे होतातच. पुन्हा ताणले.

संध्याकाळी मालक आला. पुल्या, लेथ, पट्टे असा कागद त्याच्या हातात दिला. खिशातले फ्यूजही परत केले. त्याने कागद उलटून पाहिला.

"मजुरी लिहायची राहिली."

"राहू दे," मी म्हटलं.

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा पुलीकडे बघितलं, आणि पैसे मोजायला लागला.