२९ मिनिटं ५९ सेकंद

८२ वर्षांच्या एका आजींची मुलाखत होती. त्यांच्या नातवाला घरासाठी त्यांच्या आठवणी जपून ठेवायच्या होत्या. माझ्याकडे एकच कॅमेरा, तोही मुळात फोटोंसाठीचा डिजिटल कॅमेरा, आणि सोबत एक मदतनीस.

तयारीत मी हयगय करत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्रातल्या रंगांचा तोल, हाताने ठरवला. तो ऑटोवर सोडला तर बाहेर ढग आला की बोलता बोलता चेहऱ्याचा रंग पालटतो, आणि एडिटिंगला बसल्यावर तो जागेवर आणताना जीव जातो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, आणि शटर प्रत्येक वेळी सेकंदाचा १/५० भाग उघडं. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की चित्रावर सरकणारे पट्टे सहसा येत नाहीत. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की मी गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवतो, म्हणजे निघताना तो चालू केल्याशिवाय पाय निघत नाही.

आवाजाच्या बाबतीत मी हट्टी आहे. काम देणारे सगळे ‘फोरके आहे ना?’ विचारतात, म्हणजे चित्र किती बारकाव्यांचं ते; माइक कुठला लावणार हे कुणी विचारत नाही. जरा हललेलं चित्र माणूस चालवून घेतो, घुमणारा आवाज दोन मिनिटंसुद्धा ऐकवत नाही. म्हणून कॉलर माइक, वेगळा रेकॉर्डर, मोठ्यात मोठा आवाज रेकॉर्डरच्या मापावर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्याच्या वर तो फाटतो), आणि कानाला हेडफोन. सुरुवातीला एक टाळी, नंतर चित्र आणि आवाज जुळवायला. माइकमध्ये गुरगुर येऊ नये म्हणून सगळे मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवले.

माझाही. आणि २५ मिनिटांचा गजर मी त्याच मोबाइलवर लावला होता.

फोटोंचे बरेच जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपणहून थांबवतात. युरोपात सलग ३० मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा जकातीसाठी व्हिडिओ कॅमेरा ठरायचा आणि त्यावर जास्त कर लागायचा, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. थांबताना कॅमेरा शिट्टी वाजवत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला मुगाएवढा लाल ठिपका विझतो, बस्स. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला एवढीशी खूण ठेवणाऱ्यांनी एकट्याने मुलाखत कधी घेतली नसावी.

पहिली वीस मिनिटं आजी शाळेचा, विहिरीचा, लग्नाचा हिशेब दिल्यासारखं बोलल्या. मग मी काही न विचारता त्या घर सोडून गेलेल्या भावाबद्दल बोलू लागल्या. नातवानेही हे कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, पडद्याकडे नाही. ‘तो दारात उभा राहिला आणि मला म्हणाला...’ इथे फाइल संपते. पुढची अकरा मिनिटं फक्त रेकॉर्डरवर आहेत.

मदतनीसाने ठिपका विझलेला पाहिला होता. ‘मला वाटलं तुम्हीच बंद केलंत. आणि रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही असं तुम्हीच सांगता ना.’ त्याचं काय चुकलं? गप्प बसायला आम्हीच शिकवतो. कधी बोलायचं ते कुणी शिकवत नाही. आता त्याला सांगून ठेवलंय, ठिपका विझला की माझ्या खांद्याला हात लाव. गजर मनगटावरच्या घड्याळात थरथरीवर असतो, आणि २५ मिनिटं झाली की प्रश्न बदलताना मी नवी फाइल सुरू करतो.

आजींना तेच पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी बिनतक्रार सांगितलं. प्रसंग तेच, क्रमही तोच, पण मध्ये त्या ज्या दोन जागी थांबल्या होत्या, तिथे या वेळी थांबल्या नाहीत. ते चित्रण मी वापरलं नाही. पहिलाच आवाज ठेवला आणि त्यावर नंतर जवळून टिपलेले त्यांचे हात लावले. मांडीवर पदराचं टोक, त्याची घडी घालतायत, उलगडतायत, परत घालतायत. बघणाऱ्यांना वाटतं ते त्याच क्षणाचे आहेत. नातवालाही तसंच वाटलं, आणि मी काही बोललो नाही.

पहिल्यांदा सांगताना त्यांचे हात काय करत होते, ते मला आठवत नाही.