बाहीवरचं ठिगळ कोणत्या काळातलं?

न्यूरेंबर्गजवळच्या एका जुन्या बाजारात मला ते जॅकेट दिसलं. विक्रेता ठासून म्हणाला, "ही सगळी झीज रशियातली आहे." जर्मन सैन्याचं दुहेरी हिवाळी जॅकेट होतं ते. एक बाजू बर्फासाठी पांढरी. उलटवलं की 'सुम्पफमुस्टर', म्हणजे दलदलीचा नमुना: तपकिरी आणि हिरव्या टोकदार डागांवर पावसासारख्या बारीक हिरव्या रेघा. १९४१-४२च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर हे सैन्य गारठलं, त्यानंतर असे अस्तर भरलेले कपडे सैनिकांना मिळू लागले.

मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो, कापडाचंच शिक्षण घेतलं आणि आता नोकरीसाठी बव्हेरियात राहतो. माझे थोरले आजोबा १९४४ साली मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. त्याच उन्हाळ्यात टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी लढताना प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांसमोर जे सैन्य उभं होतं, त्याचे कपडे मी गोळा करतो. त्या राजवटीबद्दल मनात तिरस्कारच आहे. पण कपडा खोटं बोलत नाही, आणि त्याच्यावर खोटी गोष्ट चिकटवलेली मला सहन होत नाही.

याआधी एकदा फसलो होतो. युद्धकाळातलं समजून घेतलेलं जॅकेट निघालं पश्चिम जर्मनीच्या सीमा दलाचं. ते दल १९५१ साली उभं राहिलं आणि त्यानेही सुम्पफमुस्टर वापरलं. त्यामुळे या खेपेला घाई केली नाही.

घरी आणून जॅकेट खिडकीपाशी पसरलं आणि आधी फक्त झिजेच्या जागा पाहिल्या. सैनिकाच्या अंगावर पट्टा असतो, खांद्यांवरून सामानाचे बंद येतात, बंदुकीचा पट्टा एकाच खांद्यावर घासतो. कमरेभोवती आणि खांद्यांवर ते दिसायला हवं. इथे उजव्या खांद्यावर वीण खरोखर पातळ झाली होती, कमरेशीही फिकट आडवी रेघ होती. पण सगळ्यात जास्त घासला होता पोटाखालचा भाग, माणूस ओझं अंगाला टेकवून उचलतो तिथला. डाव्या कोपरावर चुन्याचे पांढरे शिंतोडे होते. हे आघाडीवरचं नव्हे, हे कामाचं.

मग ठिगळ. डाव्या बाहीवर करड्या लोकरी कापडाचा तुकडा, नागमोडी टाक्यांनी मशीनवर शिवलेला. खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. टाक्यांचा धागा निळा चमकला. कापड उजळ दिसावं म्हणून घालतात त्या रसायनांची ही चमक, आणि ती रसायनं धाग्यांत नि धुण्याच्या पावडरीत सर्रास आली युद्धानंतर. मात्र इथे अनेकजण घसरतात. सगळं कापड चमकलं म्हणजे ते नकली, असं नाही. नंतर कुणी आधुनिक पावडरीत धुतलं असलं तरी ते चमकतं. इथे बाहीचं कापड काळोखात शांत होतं, चमकत होता फक्त ठिगळाचा धागा.

पुढचा पुरावा मला स्वतःला फार आवडला. ठिगळाची एक कड थोडी उसवली होती. ती न ओढता भिंगाने आत डोकावलं. आतला छाप जवळपास ताजा होता, हिरव्या रेघा स्वच्छ मोजता येतील इतका, आणि ठिगळाला लागूनच बाहेर त्या रेघा विटून गेलेल्या. म्हणजे ठिगळ लागलं तेव्हा बाहीचा रंग अजून उडाला नव्हता. ऊन खाल्लं ते नंतर, कित्येक वर्षं.

काखेत मात्र वेगळीच गोष्ट सापडली. हाताने घातलेला बारीक रफू, सुती धागा, न चमकणारा, आणि आजूबाजूच्या कापडाबरोबरच घामाने पिवळा पडलेला. दोघांनी एकत्र झीज सोसली होती. हा रफू युद्धातला असावा, असं माझं ठाम मत आहे.

रंग मुद्दाम उडवलेला नाही, हेही पाहिलं. ब्लीचने कापड शिवणीच्या आतसुद्धा फिकं होतं. इथे खिशाच्या झाकणाखाली रंग गडद होता. कानशीने घासून केलेल्या झिजेत तंतू एका दिशेने कापलेले दिसतात, तसंही नव्हतं. अशा कापडात बऱ्याचदा झेलवोल म्हणजे कृत्रिम तंतू असतो, जो ओला झाला की जवळपास निम्मी ताकद गमावतो. म्हणून धुवायचा विचारही केला नाही.

युद्ध संपल्यावर जर्मनीत कपड्यांचा तुटवडा होता. चिन्हं काढून, रंगवून किंवा तशीच, माणसांनी लष्करी वस्त्रं शेतात, बांधकामावर वापरली. हे जॅकेट कुणाच्या तरी शेतावर बरीच वर्षं राबलं असणार. मी चिठ्ठी लिहून ती कापडी पिशवीत जॅकेटसोबत ठेवली: खांदा, कंबर, काखेतला रफू युद्धकाळातले, पोट, कोपर, ठिगळ नंतरचे. ठिगळ काढलं तर किंमत वाढेल, असं एका संग्राहकाने सुचवलं. मी नाही म्हटलं.

उजव्या खिशाच्या तळाशी शिवणीत थोडं भूस अडकलेलं होतं. ते मी तिथेच राहू दिलं.